अनाहितबाईंची करंगळी

शनिवारी सकाळी मी आणि माझी रूममेट सायली अमेरिकेतल्या आमच्या स्टेट कॉलेज गावाहून निघालो. लँकेस्टरजवळच्या एका चर्चमध्ये अनाहितबाईंचं व्हायोलिन ऐकायचं होतं. बाई मूळच्या आर्मेनियाच्या. तरुणपणीच मोठे पुरस्कार मिळाले, जगभर कार्यक्रम झाले. मग डाव्या हाताची करंगळी आखडली आणि सगळं थांबलं.

"आज खूप दिवसांनी स्टेजवर येतायत," गाडी चालवताना सायली म्हणाली. ती स्वतः पुण्यात व्हायोलिन शिकलेली. "आज जमलं नाही तर वाजवणं सोडणार, असं मुलाखतीत सांगितलंय त्यांनी."

सस्क्वेहाना नदी ओलांडल्यावर मक्याची शेतं लागली. कडेने आमिश (मोटार न वापरणारे शेतकरी) लोकांच्या घोडागाड्या चालल्या होत्या. एका आमिश आजींकडून शूफ्लाय पाय (काकवीचा गोड पदार्थ) घेतला. "आमच्या जिंतूरकडे गुऱ्हाळात अस्साच वास येतो," मी म्हटलं. आजींनी आणखी एक तुकडा हातावर ठेवला.

चर्चमध्ये बाई एकट्याच उभ्या होत्या, साथीला कोणी नाही. त्यांनी आर्मेनियातलं एक लोकगीत सुरू केलं. सूर चढत गेला. अगदी वरची जागा करंगळीची. सायलीने माझं मनगट घट्ट धरलं. करंगळी टेकली, सूर लख्ख लागला आणि मी मोठ्याने म्हणाले, "वाऽऽ!"

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. इथे संपेपर्यंत लोक खोकलासुद्धा दाबून ठेवतात. पण मी वडिलांच्या भजनी मंडळात वाढले. तिथे चांगल्या जागेला ऐकणारे गप्प राहिले तर वडील विचारतात, "झोपलात का रे?"

बाई थांबल्या.

"मेलो यार," सायली पुटपुटली.

बाईंनी पुन्हा तारांवर गज टेकवला. तीच ओळ, तीच जागा. या वेळी सूर कितीतरी वेळ धरून ठेवला.

नंतर मी माफी मागायला गेले, तर बाई हसल्या. "माझे आजोबा लग्नांत वाजवायचे. लोक मध्येच ओरडायचे, 'अप्रेस!' (जगत राहा). मी आज नुसती बोटाकडे बघत होते गं. तू ओरडलीस आणि मला गाणं ऐकू आलं." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी बोस्टनला वाजवतेय. ये."

"जाऊ या. पण मी वेगळ्या रांगेत बसणार हं," परतताना सायलीने बजावलं.

मी खिडकीबाहेर बघत होते. एवढे पुरस्कार मिळालेल्या माणसालाही कुणीतरी मध्येच 'वा' म्हणावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. घरी पोचल्यावर वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा वाजवली ना ती ओळ?"