घशात दुर्बीण

मंडळींनो, घसा तंबाखूनंच बसला म्हणून पत्रात मलाच किती बोलता? तिकडं गावात, वालूरच्या हाटेलात बसून तुमी काय बडीशेप चघळता व्हय? मी तवाबी म्हणलो, आताबी म्हणतो, इथं भिवंडीत मागावरल्या सुताची धूळ घशात जायलीय.

आज सकाळी दवाखान्यात गेलो. घशात दुर्बीण घालून बघणार होते. रात्रीपासून पाणीबी पिऊ नको म्हणले, न्हाई पिलो. पण बाकड्यावर बसलो अन् लय भ्या वाटलं. म्हणून जरा तंबाखू मळून ओठाखाली धरली.

नर्सबाईनं तोंड उघडायला लावलं अन् वरडलीच, "काही खायचं नाही म्हटलं होतं ना?"

"खाल्लं कुठं बाई? नुसती धरलीय."

सगळे हसले. मला सोमवारी या म्हणून परत धाडलं.

बाहेर आल्यावर हलकं वाटलं अन् रडूबी आलं. सुटलो का अडकलो, कळंना. आवाज तर रोज खाली जायलाय. तुमच्यापैकी कुणाच्या घशात घातली का दुर्बीण? जीव गुदमरतो का? थट्टा करू नका, खरं लिहा.

आईला यातलं काही बोलू नका. तिला शंका येऊ नये म्हणून मनिऑर्डर दर महिन्याएवढीच केलीय, दोनशे रुपये.