पापडासारखे बूट

"ओ योगिताना बाप, ह्या बूट शेतस का पापड?" सुंदराने डाव्या हातातला जोड वर-खाली करून पाहिला. उजव्या हातातला जाड तळाचा जोड तिला केव्हाच पसंत पडला होता.

"पयाले हलकाच लागतस," तिचा नवरा दगा तिसऱ्यांदा म्हणाला.

"महिनामा फाटतीन."

"फाटू दे. शर्यत एकच शे."

दगा पांडेसऱ्याच्या कापडमिलमध्ये लूम चालवायचा. कामगारांच्या शर्यतीत दोन वर्षं तो रंगखात्यातल्या विठ्ठलच्या मागे दुसरा आला होता. चाळिशी उलटली की पळणं बंद, नाव रस्सीखेचीत. मिलमधली रीतच तशी. त्यामुळे हा रविवार शेवटचा.

सुंदराला हे कळत नव्हतं असं नाही. पण अमळनेरकडून येऊन बमरोलीच्या खोलीत तिने मांडलेला सगळा संसार हाताने तोलून घेतलेला होता. परात, तवा, लेकीसाठी ठेवलेला हंडा. घडी घालायला साड्या घरी यायच्या, तेव्हा गठ्ठा उचलूनच ती सांगायची, एक कमी आहे. हलक्या वस्तूने तिचं आजवर भलं केलं नव्हतं.

"मम्मी, ही काय वांगी आहेत तोलून घ्यायला?" योगिता म्हणाली. "दोन्ही घालून पळू दे ने पप्पांना."

दुकानदार ओळखीचा, म्हणून दोन्ही जोड घरी दाखवायला मिळाले होते. पण तळ मळला तर तो परत घेणार नव्हता. शेवटी सुंदरानेच डागी कापडाचा ताका काढला आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरला.

जाड जोड घालून दगा पळाला. खालच्या खोलीतून शेजारीण धुरपदाबाई ओरडली, "सुंदरा, मिरच्या कांडी ऱ्हायनी का वं?"

योगिता हसता हसता खालीच बसली.

मग हलका जोड. सुंदरा कापडाची सुरकुती सारखी करायला वाकली, मान वर केली तर नवरा पलीकडच्या कठड्याशी उभा. खालून चकार शब्द नाही.

"परत एकदाव पया," ती म्हणाली.

या वेळी तिने नुसते पाय पाहिले. पाळीवरून आल्यावर जिन्याच्या पायरीपायरीवर वाजणारे पाय ते हेच, हे तिला पटेना.

"आखो एकदाव?" दगाने विचारलं. त्याला धापही लागली नव्हती.

तिने ताका गुंडाळला, काखेत मारला आणि जिन्याकडे वळत म्हणाली, "जाड जोड आज परत जाई. हलका ठेवाना. तो कामवर घालाना नही. आनी रईवारे घर सैपाक नही. मी शर्यत देखाले जासू."