ताईचं विमान आणि आईचा केर

ताई विमानाने लंडनला निघाली, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत कुणी विमानाची पायरीसुद्धा चढलेलं नव्हतं. भावोजी नोकरीसाठी आधीच तिकडे गेलेले. मी मॅट्रिकला होते, आणि घरात नकाशा फक्त मला कळतो म्हणून भलतीच चढून गेले होते. नकाशावर दोरा लावून मी अंतर काढलं, साडेचार हजार मैल, आणि जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं.

आईला मैलांशी कर्तव्य नव्हतं. तिला ताई पोचायची वेळ हवी होती. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मामा बोटीने गावी निघाला आणि मागोमाग कुणीतरी झाडू फिरवला. मामा परत आला नाही. तेव्हापासून या बाबतीत आई कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

ताईच्या तिकिटावर दुपारी तीनला निघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचायची वेळ होती. "सतरा तास," मी ऐटीत सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आठाचे ठोके पडले तशी मी नाचतच म्हटलं, "आई, ताई पोचली. काढ केर." आईने एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि केरसुणी उचलली. माझा आनंद गगनात मावेना.

हीच फुशारकी मारायला शाळेत भूगोलाच्या बाईंकडे गेले. त्या हसल्या. "अगं, लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले आठ म्हणजे आपला दीड. तुझी ताई अजून आभाळातच आहे."

दप्तर वर्गातच टाकून मी घराकडे पळत सुटले. नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. सगळे 'झालाच पाहिजे' म्हणत एकीकडे, आणि मी एकटी उलट्या दिशेने घुसतेय. "अगो, मोर्चा हकडे चललाहा," एक आजोबा म्हणाले. मला मामा आठवत होता.

घरी पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. आई तांदूळ निवडत होती. "आई, चुकलं माझं," मी रडतच म्हटलं. "ताई अजून वरच आहे, आणि तू केर काढलास."

"काढला," आई म्हणाली. "टाकला कुठे?"

कॉटखाली केराने भरलेली सुपली होती. "तुझा हिशेब दोऱ्याचा, बाई. म्हटलं, केर उंबऱ्याबाहेर गेला नाही म्हणजे झालं, तार येईपर्यंत असू दे घरात." मला हसू आलं, रागही आला. एवढी हुशार मी, आणि आईने मला धड खोटंही पाडलं नव्हतं.

ऊन उतरायच्या आत तार आली. सुखरूप पोचले. मी आनंदाने अख्ख्या मजल्यावर ओरडून आले आणि सुपली उचलली.

"थांब," आई म्हणाली. तिने केरात बोटं घातली, ताईच्या वेणीतून गळलेलं शेवंतीचं सुकं फूल काढलं आणि पदराला पुसून देव्हाऱ्यात ठेवलं.

"आता टाक," ती म्हणाली.