लेबल राहिलंय

दिनूदादाच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि तो मी कापला. लेबलाचंच असणार, असं वाटलं. पुन्हा वाजला म्हणून वैतागून घेतला, तर पलीकडे वहिनी होती. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाली...

दिनूदादा माझा थोरला चुलतभाऊ. किहीमला घराच्या पडवीत बसून तो बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. थेट मुरुडपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे यायच्या, खाऱ्या हवेनं सूर गंजलेल्या, भाता फाटलेल्या. माझ्या वडिलांची पेटीही मी गणपतीत त्याच्याकडे टाकून आलो होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला ती बनवणाऱ्याच्या नावाचं छापील लेबल होतं, मधोमध फाटलेलं, एक कोपरा सुटून लोंबणारा.

दिवाळीआधीच पेटी वाजायला लागली, आणि त्याचे फोन सुरू झाले. पेटी झालीय, पण लेबल राहिलंय, ते दोन माणसांचं काम, एकानं धरायचं, एकानं चिकटवायचं, रविवारी ये. लेबल बसल्याशिवाय पेटी दाराबाहेर द्यायची नाही, ही त्याची रीतच होती. दर रविवारी माझं काहीतरी निघायचं. शेवटी मी म्हटलं, टेप लाव आणि दे पाठवून कुणाबरोबर तरी.

"टेप तुझ्या टकलाला लावतो," तो म्हणाला. "बापाच्या पेटीला न्हाय." मग जरा थांबून... "बरं, नुसता जेवायला ये. लेबलाचं बघू नंतर."

मी हो म्हटलं आणि गेलो नाही. काम होतं असंही म्हणवत नाही. त्या रविवारी मी कामोठ्याच्या घरी टीव्हीसमोर लोळत होतो.

दिवसकार्य झाल्यावर एका रविवारी गेलो. पडवीत पेटी तयार होती आणि लेबलाचे तुकडे दोन काचांमध्ये जपून ठेवलेले होते. वहिनी म्हणाली, लावूनच न्या. तिनं मैद्याची खळ शिजवली आणि कसर लागू नये म्हणून, तो टाकायचा तशी, तीत मोरचुदाची चिमूट टाकली. मी पतंगाचा कागद मापानं कापला, दोन्ही बाजूंनी खळ फिरवून झाकणाच्या आत बसवला, त्यावर लेबलाच्या फाटलेल्या कडा एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी आणल्या, आणि सुती फडक्यानं मधून कडेकडे दाबत गेलो. लहानपणी त्याच्याजवळ बसून पाहिलेलं हाताला आठवत होतं. आता कोपरा धरायला वहिनीला हाक मारावी म्हणून मान वर केली, आणि लक्षात आलं, धरण्यासारखं काहीच नव्हतं. लेबल बसलं होतं. मी बसताना वहिनीनं चुलीवर ठेवलेला चहा अजून उकळायचा होता.

हे दोन माणसांचं काम ना, असं तिला विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकलेच लावायचे हे. किती लावली..."

चहा झाला, उन्हं पडवीतून सरकली. मग तिनं पेटी गुंडाळायला जुनी चादर आणली. लेबल केव्हाच वाळलं होतं.

"ओलं आहे अजून," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी नेतो."

तिनं वाकून लेबलावरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "वलं हाय." आणि चादरीची घडी घालून आत घेऊन गेली.