बोनाफाईड मागायला येणारी पोरं

मोरिवलीच्या एका हायस्कुलातले हेडक्लार्क जयदेव भोईर हे नुसते कारकून नव्हते हो! अठ्ठावीस वर्षं ऑफिसच्या खिडकीत बसून त्यांनी पोरांची जेवढी रडगाणी ऐकली, तेवढी गावदेवीनेही ऐकली नसतील.

पद्धत ठरलेली. ज्या पोराला घरचं काही सांगायचं असेल ते यायचं आणि बोनाफाईड मागायचं. हा आमच्या शाळेचा विद्यार्थी आहे, एवढाच तो कागद. वर्षातून एकदा लागला तर लागतो. महिन्यात दुसऱ्यांदा कुणी मागितला की भोईरकाका ओळखायचे. "शिक्का ओला आहे, वाळेपर्यंत बस बाकावर," म्हणायचे. तो मेला शिक्का वाळायला अर्धा तास घ्यायचा, आणि तेवढ्यात पोर बोलून मोकळं व्हायचं. संध्याकाळी काका वाट वाकडी करून त्याच्या बापाला गाठायचे. डिग्री नाही की काही नाही, पण बाप ऐकायचे, कारण त्यातले निम्मे त्याच बाकावर बसून गेलेले.

यंदा जूनमध्ये शाळेने समुपदेशक नेमल्या, मीनल मॅडम. हुशार, गोड बोलणाऱ्या. नाव ठेवायला जागा नाही. त्यांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली. मुख्याध्यापकांनी काकांना बोलावून सांगितलं, "भोईर, आता पोरांचं मॅडम बघतील. तुम्ही रजिस्टरं बघा." काका मान डोलावून आले. खोटं कशाला बोला, लागलंच त्यांच्या मनाला. पण साहेबांचा शब्द तो शब्द.

ऑगस्टमध्ये नववीतली उन्नती खिडकीशी आली. तिचा बाप अल्पेश एमआयडीसीत कामाला, तोही काकांच्या बाकावरचा जुना गडी. आई गेल्यापासून पोरीला आजीनेच, अल्पेशच्या आईने सखूबाईंनीच वाढवलेलं.

"काका, बोनाफाईड पाहिजे."

पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा! काकांच्या ओठांवर शिक्क्याचं वाक्य आलंच होतं. पण नेमके मुख्याध्यापक मागे उभे. काकांनी पॅडवरची एक चिठ्ठी फाडली, तिचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "वर मॅडमकडे जा गो पोरी. आता ते सगळं तिकडे."

उन्नतीने चिठ्ठी घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कोण उन्नती?"

तेव्हापासून काका तिची वाट बघायला लागले. डबा खाताना निम्मं लक्ष खिडकीकडे. ती जाता-येता दिसायची, पण मान वळवायची नाही. एक हाक मारायची, तर तीही मारवेना. उतारवयात स्वाभिमान आडवा येतो माणसाला, दुसरं काय! रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटायचं, उद्या येईल. ती काही आली नाही.

दिवाळीनंतर अल्पेश आला, पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला. दुसरं लग्न केलं होतं, सोनिवलीला फ्लॅट घेतला होता, पोरीचं नाव तिकडच्या शाळेत.

"ती काय म्हणाली रे?"

"काहीच नाही काका. आजीजवळ राहायचंय असं कुणाकडून नुसतं कानावर आलं असतं ना, तरी दहावीपर्यंत ठेवली असती. मी काय राक्षस आहे? आता आईला गावी बहिणीकडे पोचवली, इथली खोली पण सोडली."

एक शब्द. तो टाकायचं काम काकांचं होतं.

"उद्या ये," ते कसंबसं म्हणाले. "पोरीला आण. तिची सही लागते."

सही-बिही काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अल्पेश गेटवर बाईक लावत होता तेवढ्यात काका ऑफिसातून बाहेर आले, उन्नतीसमोर उभे राहिले. "चुकलं गो माझं. तुला तिकडे ढकलायला नको होतं. काय सांगायचं होतं तुला त्या दिवशी?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"राहू द्या ना काका," ती म्हणाली. "तेव्हा सांगायचं होतं."

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. काकांनी लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर'. खरं कारण त्यांना माहीत होतं, पण त्या रकान्यात कारकुनाचं नाव लिहायची सोय नाही.