दगडांच्या राशीपाशी न थांबता

मी त्या जीपला दोष दिला, सडकेला दिला, आडव्या आलेल्या गुरांनाही दिला. आता ऐंशीच्या पुढे गेलो आहे आणि दोष द्यायला कोणी उरलेलं नाही, तेव्हा सरळ सांगून टाकतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. कुरखेड्याकडच्या जंगलात मी एका लाकूड ठेकेदाराकडे मुनशी होतो. मॅट्रिक पास, म्हणजे स्वतःच्या मते अर्धा बॅरिस्टर. मालकांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली होती आणि ती चालवायला, जिवंत ठेवायला एक मिस्त्री नेमले होते. माझ्या दुप्पट वयाचे, लढाईत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून आलेले. मी त्यांना भाऊ म्हणायचो. गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं.

नाल्यातले धोंडे गाडीच्या पोटाला लागायचे, म्हणून भाऊंनी चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जास्तीचे पाटे घालून जीप चांगली वीतभर उंच केली. उंच झाली तशी ती वळणावर झुलायला लागली. मग त्यांनी चांद्याच्या भंगारातून कुठल्याशा मोटारीची आडवी दांडी आणली आणि पुढच्या दोन चाकांमध्ये बसवली. दांडी जोडलेली असली की गाडी वळणावर कलत नसे. जंगलात मात्र तीच दांडी वैरीण. एक चाक खड्ड्यात उतरायला लागलं की ती त्याला उतरू देत नसे, आणि ते अधांतरी फिरत बसायचं. म्हणून जंगलात शिरताना दोन पिना काढून सीटखालच्या डबीत ठेवायच्या, दांडी मोकळी करायची, सुतळीनं वर बांधायची, आणि परतताना सडकेला लागण्याआधी पुन्हा जोडायची.

विसरायला नको म्हणून भाऊंनी एक युक्ती केली होती. जंगल संपून सडक लागते तिथं, मोहाच्या झाडाखाली दगडांची रास होती. जंगलातल्या गावांची माणसं तिथं डहाळी ठेवल्याशिवाय आत जात नसत की बाहेर पडत नसत. भाऊही ठेवायचे. थांबायचंच आहे तर दांडीचं कामही तिथंच उरकायचं. "देवाले पान, गाडीले पिना," असं म्हणत ते गाडीखाली सरकायचे. मी डहाळी ठेवताना आधी इकडेतिकडे बघून घ्यायचो. कोणी शिकलेला माणूस पाहत नाही ना!

एका हिवाळ्यात मालक नागपूरहून काम बघायला आले. भाऊ त्यांना घेऊन येत असताना मीही गाडीत होतो. भाऊंनी राशीपाशी डहाळी ठेवली तेव्हा मालक मोठ्यानं हसले. "काय मिस्त्री, मोटारीलाही देव लागतो का?" मीही त्यांच्याबरोबर हसलो. त्या हसण्याचीसुद्धा मला आज लाज वाटते.

चार दिवसांनी भाऊंना थंडीतापानं धरलं. त्यांना चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं, मालकांनाही तिकडेच जायचं होतं, आणि गाडी मी चालवायची ठरली. भाऊ मागे घोंगडीत कुडकुडत पडले. निघताना एवढंच म्हणाले, "मुनशी, राशीपाशी थांबजो."

"हो भाऊ," मी म्हणालो.

रास दिसायला लागली तेव्हा मालक माझ्या शेजारी विडा चघळत बसले होते. वाटलं, आता उतरून डहाळी मोडली तर हा माणूस मला कायमचा गावंढळ समजेल. पिना डोक्यात आल्याच नाहीत, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. आल्या होत्या. आरमोरीला चहाला थांबू तेव्हा जोडू, असं ठरवून मी गाडीचा वेग वाढवला. मालक म्हणाले, "वा, चांगला हात आहे तुझा." मी फुशारलो.

दोन-तीन कोसांवर वळण आलं आणि वळणावरच गुरांचा कळप. मी गाडी वळवली, ती एका अंगावर कलली आणि परत सरळ झालीच नाही. मालक बांधावर फेकले गेले, त्यांना नुसतं खरचटलं. ते उठून जवळच्या खळ्यावरच्या माणसांना बोलवायला धावले. मीही धडधाकट होतो. भाऊंचा उजवा हात गाडीच्या कडेखाली सापडला होता.

ते कण्हत होते. मी आधी पुढं गेलो आणि दांडीची सुतळी कापली. दांडी आपोआप सुटून लोंबते आहे असं दिसावं म्हणून. मग सीटखालच्या डबीतल्या पिना काढून खिशात घातल्या. त्यानंतर भाऊंजवळ गेलो.

मालकांना गाडीतलं काही कळत नसे; मी सांगितलं की मिस्त्रींनी बसवलेली दांडी सुटली. त्यांनी आठवडाभरात भाऊंना कामावरून काढलं.

दवाखान्यात भाऊंची तीन बोटं कापावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा ते हाताच्या पट्टीकडे बघत होते. मग म्हणाले, "मुनशी, तू राशीपाशी थांबला होता ना?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "हो भाऊ, थांबलो होतो," मी म्हणालो. "पिनाही जोडल्या होत्या."

"मंग माह्याच कामात खोट राह्यली," ते म्हणाले आणि माझीच समजूत काढायला लागले. "तू मनाले लावून घेऊ नको."

तीन-चार वर्षांनी एकदा दोन्ही पिना खिशात घालून मी चांद्याला गेलो. या खेपेला सांगायचंच, असं घोकत गेलो. भाऊ एका ओळखीच्या माणसाच्या गॅरेजात बसत. स्वतःला पाना धरता येत नव्हता, म्हणून दुसऱ्यांना काम समजावून सांगत. समोर एक नवा ड्रायव्हर उभा होता. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"हे आमचे मुनशी," ते त्याला म्हणाले. "यायनं गाडी थांबवली होती, पिना लावल्या होत्या, सारं बरोबर केलं होतं. माह्याच हातचं काम कच्चं होतं. म्हून सांगून राह्यलो, मिस्त्रीवर भरोसा ठेवू नको, खुद पाहून घेत जा."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. "हो का?"

"हो," मी म्हणालो.

भाऊंनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि मी तो प्यालो.