गडग्यापलीकडची विहीर

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. जयगडच्या खाडीकाठी आमचं नारळी-पोफळीचं आगर होतं. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. आगराला लागून जांभ्या दगडाचा गडगा, पलीकडे आमच्या मुसलमान शेजारणीचं, चाचीचं घर, आणि त्याच्या मागे खाडी. चाचीचा नवरा जहाजावर असायचा, वर्षा-दीडवर्षाने घरी यायचा. तिच्या विहिरीचं पाणी अख्ख्या आळीत गोड. आमच्याकडेही पाहुणे आले की प्यायला पाणी तिच्याकडूनच यायचं.

तोवर आमचं शिंपणं रहाटावर चालायचं. सकाळी दोन-तीन तास बैल फिरायचा, मग विहीर दुसऱ्या दिवसापर्यंत भरायची. मी तेलावर चालणारं इंजीन आणलं. गावातलं पहिलंच, लोक बघायला आले आणि माझी छाती फुगली. सकाळी सुरू केलेलं इंजीन मी दिवस मावळल्यावरच बंद करायचो. त्या जोरावर पोफळीची आणखी रोपं लावली.

रहाट हाकणारा आमचा म्हातारा गडी एकदा म्हणाला, "मास्तर, हिरीला इसावा द्या. गोडं पाणी म्हणजे खाऱ्यावरची साय. साय खरवडलीत तर खालचं वर येणार."

मी हसलो. रहाटाचं काम गेलं म्हणून बोलतोय, असं मला वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात चाची गडग्याशी आली. "मास्तर, तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे? आमच्याकडे डाळ शिजत नाही. चहा फाटतो."

"आमचं चांगलं आहे," मी म्हणालो. "तुमच्या विहिरीत गाळ साचला असेल. उपसून घ्या."

हे बोलताना मला गड्याचं म्हणणं आठवलं होतं. तरी बोललो. तिने माणसं लावून दोन दिवस गाळ काढला. पाणी आणखी मचूळ झालं.

पुढे रमजान आला, तोही वैशाखाच्या उन्हात. रोज संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी चाची कळशी घेऊन आमच्या विहिरीवर येऊ लागली. इंजीन चालू असलं की बाजूला उभी राहायची. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली बाई, आणि समोर पोफळीच्या आळ्यांत पाण्याची धार पडत असायची. मी बंद करीपर्यंत ती काही बोलायची नाही. कळशी भरली की म्हणायची, "तुमच्या विहिरीला बरकत असो."

एकदा बायकोने मला आत बोलावून विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी तिच्यावरच ओरडलो.

तिसऱ्या वर्षी पोफळीची पानं टोकाकडून करपायला लागली. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर खारट. तेव्हा कुठे इंजीन थांबवलं. चाचीच्या विहिरीसाठी नव्हे, माझ्या झाडांसाठी. ही कबुली द्यायला मला फार वर्षं लागली.

त्या पावसाळ्यात मी तिच्या ओटीवर गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "चाची, तुमची विहीर माझ्या इंजिनामुळे बिघडली."

तिने सूप खाली ठेवलं. "मला माहीत होतं. इंजीन चाललं की माझ्या विहिरीचं पाणी हातभर खाली जायचं. बंद झालं की हळूहळू चढायचं. मी रोज बघत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेले. कळलं की आपणहून बोलाल, म्हणून थांबले. तीन वर्षं थांबले."

तिने चहा दिला. पाणी डोंगराकडच्या झऱ्यावरून आणलेलं होतं, तिच्या सुनेने डोक्यावरून.

रहाट पुन्हा सुरू केला. आमची विहीर चार-पाच पावसाळ्यांत सुधारली. चाचीची खाडीच्या जवळ, ती सुधारली नाही. पुढे तिचं पाणी फक्त भांड्यांना आणि म्हशीला. चाचीचा नवरा परत आला तेव्हा म्हणाला, एखाद्या उधाणाचं पाणी आत शिरलं असणार. गावानेही तेच धरलं. चाचीने माझं नाव कुणाला सांगितलं नाही. आणि उधाणाचा विषय निघाला की मी मान हलवत राहिलो.